मारियाला ‘नाही’ म्हणायचं कंत्राट

येशू ख्रिस्ताच्या आईवडिलांना दारातून हाकलून देण्याची जबाबदारी एकदा माझ्यावर सोपवण्यात आली होती, आणि ती मला धड पार पाडता आली नाही.

लगेच भुवया उंचावू नका! ही जबाबदारी मला त्यांच्याच भक्तांनी दिली होती, तीही गळ घालून. साल २००५. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला टाउनहाउसमध्ये राहायचो. आम्ही म्हणजे मी, बायको मंजिरी, सहा वर्षांची सई आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई. आमच्यापासून चौथ्या घरात लूपे राहायची. लूपे मेक्सिकोची. शाळा सुटली की सईला घेऊन यायची, आमच्या मीटिंगा लांबल्या तर तिला जेवायला घालायची, आणि वर ‘इट्स ओके, शी ईट्स लाइक अ बर्ड’ म्हणायची. (ती चिमणी आमच्या घरी ताटाला हात लावत नसे.) थोडक्यात, लूपेनं काही मागितलं तर ‘नाही’ म्हणायची आमची टाप नव्हती. म्हणून तर ‘नाही’ म्हणायचं काम माझ्या गळ्यात पडलं!

डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ती आली. कधी नव्हे ते खुर्चीच्या टोकावर बसली.

“तुला एक विचारायचंय,” ती मला म्हणाली. “कोणी दारात आलं, राहायला जागा दे म्हणून गयावया केली, तर तू त्यांना घालवून देऊ शकशील?”

मंजिरी एवढी हसली की तिला ठसका लागला. “लूपे, यू हॅव कम टू द राइट मॅन! ही इज फ्रॉम पुणे!”

(मंजिरी नागपूरची. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, तरी हा विनोद तिला रोज ताजा वाटायचा. मला पहिल्या वर्षीच शिळा झाला होता.)

मग लूपेनं सगळं समजावलं. मेक्सिको म्हणजे घरटी कॅथलिक, आणि तिकडे नाताळच्या आधी नऊ दिवस पोसादा करतात. येशूची आई मारिया गरोदर, जोसेफ तिला घेऊन दारोदार फिरतोय, आणि कुणी जागा देत नाही, ही कथा सगळी गल्ली मिळून रस्त्यावर करून दाखवते. मेणबत्त्या हातात घेऊन मिरवणूक निघते, बाहेरचे गाऊन जागा मागतात आणि आतले गाऊनच नाही म्हणतात. पहिलं दार नाही म्हणतं, दुसरं दार नाही म्हणतं, तिसरं दार उघडतं. दार उघडलं की पोसादा संपला, मग सगळ्यांनी आत जायचं आणि आडवा हात मारायचा! लूपेकडे दरवर्षी पहिल्या दिवशीचा पोसादा व्हायचा. पण दुसऱ्या दाराचं काम करणारं कुटुंब यंदा टेक्सासला निघून गेलं होतं.

“एवढंच ना? करतो की!” मी म्हणालो.

“एवढंच नाही,” लूपे म्हणाली. “या वर्षी माझी आई येतेय. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दर रविवारी फोनवर एकच ऐकवते. त्या देशात कोण कुणाला दार उघडतं? आजारी पडलीस तर कोण विचारणार आहे? गाठोडं बांध आणि परत ये. मला तिला दाखवायचंय, की इथेही आपलं सगळं आहे, गावासारखं. तिसरं दार आईच उघडणार आहे. तेवढं नीट झालं पाहिजे रे. प्लीज.”

हे ऐकून मी छाती ठोकून शब्द दिला. पुढे मला कुणी शब्द मागितला की मंजिरी शेजारून खाकरते, ती तेव्हापासून.

लूपेनं मला नकाराची तीन कडवी लिहून दिली. ती स्पॅनिशमध्ये, म्हणून मी ती देवनागरीत उतरवून घेतली. सारांश असा, की तुम्ही कोण कुठले मला ठाऊक नाही, चोरबीर असाल, मला झोपू द्या, पुढचं घर बघा. मी तयारीला लागलो. सकाळी फ्रीवेवर गाडी मुंगीच्या पावलानं सरकायची तेव्हा काचा वर करून मी शेजारच्या गाडीवाल्यांना जागा नाकारायचो. दुपारी कॉन्फरन्स रूम रिकामी दिसली की तिथे. फक्त एक घोळ व्हायचा. दुसऱ्या ओळीपर्यंत चाल मेक्सिकोची असायची आणि तिसऱ्या ओळीला आपोआप आरतीची लागायची! एकदा बाथरूममध्ये सराव चालू असताना सासूबाईंनी दार ठोठावलं.

“जावईबापू, पोट दुखून राहिलं का?”

“नाही आई, प्रॅक्टिस करतोय.”

“कशाची बाप्पा?”

आता सासूबाईंबद्दल. त्यांच्या नागपूरच्या घराचं दार सकाळी सहाला उघडायचं ते रात्रीच बंद व्हायचं. दूधवाला, भाजीवाली, शेजारीण, शेजारणीची विहीण, सगळ्यांना बसायला पाट आणि हातात चहा. इकडे फ्रीमाँटला येऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि दोन महिन्यांत दारावरची बेल तीनदा वाजली होती. दोनदा पार्सलवाला, एकदा गवत कापणारा. (त्याला त्यांनी चहा दिला. तो घाबरून बिल न देताच गेला.) रोज दुपारी त्या खिडकीत बसायच्या आणि म्हणायच्या, “एवढी मोठी घरं बांधून ठेवली यांनी, पण माणूस नाही दिसत बाप्पा! दारं काय नुसती रंग द्यायला केली?”

तर मी त्यांना पोसादा समजावून सांगितला. शांतपणे, दोन वेळा. नाटक आहे, खोटं-खोटं आहे, आपण फक्त नाही म्हणायचं.

“गरोदर बाईला?” त्यांनी विचारलं.

“नाटकातली हो आई! लूपेची मुलगी मारिसोल आहे ती, चौदा वर्षांची. पोटाला उशी बांधणार आहे.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या. हे ‘हं’ मला कळायला हवं होतं. नागपूरकडे ‘हं’चा अर्थ होकार असा घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मी खूश होऊन तिसऱ्या कडव्याकडे वळलो.

शुक्रवार उजाडला. नंतर सगळ्यांनी लूपेकडे जेवायचं होतं, त्यासाठी सासूबाईंनी दुपारपासून सांबारवड्या करायला घेतल्या. (नागपूरला कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुणेकरांना हे कळेपर्यंत वड्या संपलेल्या असतात.) सई पाठीला पुठ्ठ्याचे पंख लावून देवदूत होऊन मिरवणुकीत गेली. साडेपाचला अंधारून आलं. मी दार लावलं, कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि दाराआड उभा राहिलो. मंजिरी व्हिडिओ कॅमेरा घेऊन जिन्यात बसली.

लांबून गिटार ऐकू आली. लूपेचा नवरा राउल वाजवत होता. पहिल्या दारानं, म्हणजे समोरच्या फिलिपिनो डॉक्टरांनी, चोख नकार दिला. पावलं आमच्याकडे वळली. दारावर ठक ठक झाली, आणि बाहेर पंचवीस-तीस गळ्यांनी जागा मागितली. काय सांगू, अंगावर काटा आला! मी पोटभर श्वास घेतला, पहिला शब्द ओठांवर आणला, आणि बेसनाचा एक हात माझ्या खांद्यावरून पुढे आला.

“सरका,” सासूबाई म्हणाल्या.

“आई! नाही म्हणायचंय!”

“मी पाहिलं खिडकीतून. पोट्टी थंडीत कुडकुडून राहिली आहे.”

“अहो, नाटक आहे!”

“असू द्या. दिवेलागणीच्या वेळी दारात आलेल्या बाईला परत नाही पाठवत. लक्ष्मी असते ती! नाटकातली असली म्हणून काय झालं?”

आणि त्यांनी दार सताड उघडलं.

मारिसोल शाल गुंडाळून, पोटावर हात धरून उभी. शेजारी जोसेफ, म्हणजे तिचा चुलतभाऊ, चिकटवलेली दाढी अर्धी निघालेला. मागे कुत्र्याला पुठ्ठ्याचे लांब कान लावून केलेलं गाढव. सगळ्यात पुढे आमचा देवदूत कमरेवर हात ठेवून ओरडला, “बाबा! यू आर सपोज्ड टू से नो!”

पण आता उशीर झाला होता. मिरवणुकीतली निम्मी मंडळी लूपेच्या चर्चमधली, कुठून कुठून आलेली. शेवटचं घर कुठलं हे त्यांना काय माहीत? त्यांना एवढं माहीत की दार उघडलं म्हणजे जागा मिळाली! राउलनं सवयीनं गिटारचा सूर बदलला, सगळ्यांनी आनंदाचं शेवटचं कडवं सुरू केलं आणि गात गात अख्खी मिरवणूक आमच्या घरात शिरली.

“चपला बाहेर! बाहेर!” सासूबाई खुणा करत होत्या. मेक्सिकोच्या लोकांना मराठी येत नसलं तरी सासूबाईंचं बोट कळतं. बत्तीस जणांनी बूट काढले. बाहेर पायऱ्यांवर गाढव बसलेलं, म्हणून ते सगळे बूट आमच्या दाराच्या आतल्या दीड फूट पॅसेजमध्ये रचले गेले.

आमचा हॉल म्हणजे सोफा ठेवला की टीव्ही तिरका ठेवावा लागतो एवढा. त्यात बत्तीस माणसं, बत्तीस पेटत्या मेणबत्त्या, एक गिटार, आणि गर्दीच्या मागोमाग घुसलेलं गाढव! लूपे सगळ्यांच्या मागे होती. ती आत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

“व्हाय इज एव्हरीवन इन युअर हाउस?” तिनं हळूच विचारलं.

“मदर-इन-लॉ,” मी म्हणालो. हे कारण कुठल्याही देशात चालतं. तिनं समजून मान हलवली, पण डोळे पाण्यानं भरले होते.

तोवर सासूबाईंनी मारियाला सोफ्यावर पाट टाकून बसवलं होतं. हळदकुंकवाची कोयरी आली, नारळ आला, ओंजळभर तांदूळ आले, आणि मंजिरीसाठी नागपूरहून आणलेला हिरवा ब्लाउजपीस आला.

“आई, तिचं लग्न पण नाही झालं!” मंजिरी जिन्यातून किंचाळली.

“पोटुशी आहे ना? मग तिची ओटी भरल्याशिवाय पाठवायची?” सासूबाई म्हणाल्या आणि मारिसोलला खूण केली, पदर पुढे कर.

बिचारी मारिसोल गुणी मुलगी. तिला वाटलं, असेल यांची काही पद्धत. तिनं उभं राहून दोन्ही हातांनी शाल पुढे धरली. पोटावरचे हात निघाल्याबरोबर उशी सुटली आणि धपकन सासूबाईंच्या पायांवर पडली!



“बेबी जीजस इज अ पिलो!” देवदूत रडायलाच लागला.

सासूबाईंनी मात्र न डगमगता उशी उचलली, झटकली, मारियाच्या पोटावर ठेवली, ब्लाउजपीसनं घट्ट बांधली आणि म्हणाल्या, “अजून नऊ दिवस आहेत, माय. जरा जपून.” मग शांतपणे ओटी भरली. त्या गडबडीत लूपेच्या चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही नारळ हवा होता.

पुढची माझी चूक म्हणजे मी सगळ्यांना सांबारवडी देऊ म्हणालो. मला वाटलं, तोंडं बंद राहतील. झाल्या होत्या त्या वड्या दोन मिनिटांत उडाल्या. कोथिंबीर, हिरवी मिरची, वर तळण, मेक्सिकोच्या माणसाला आणखी काय पाहिजे! “मास! मास!” असा पुकारा झाला. सासूबाईंनी त्याचा अर्थ विचारला. ‘आणखी’ असा आहे, कळल्यावर त्यांनी पदर खोचला आणि कढईखालचा जाळ मोठा केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या बाई एवढ्या खूश दिसत होत्या. पण तळणाचा धूर आणि बत्तीस मेणबत्त्या यांचा हिशेब आमच्या छतावरच्या स्मोक अलार्मला मान्य नव्हता. तो बोंबलायला लागला. कुत्रं भुंकायला लागलं, त्याचा एक कान वड्यांच्या ताटात पडला, राउल उंच म्हणून तो सोफ्यावर चढून गिटारनं वारा घालू लागला आणि मी खुर्चीवर उभा राहून ‘नाही’ची तीन कडवी लिहिलेला कागद अलार्मसमोर फडफडवत होतो. त्या कागदाचा तेवढाच उपयोग झाला.

अलार्म थांबला आणि त्या शांततेत लूपे किंचाळली, “मामा!”

सगळ्यांना एकदम आठवलं. तिसरं दार! चार घरं पलीकडे लूपेची आई, ब्याऐंशी वर्षांची कोन्सुएलो आजी, ठेवणीतली काळी शाल पांघरून पाच वाजल्यापासून दाराआड खुर्ची टाकून बसली होती. मारिया येईल, आपण दार उघडू, म्हणून. आणि मारिया आमच्याकडे तिसरी वडी खात होती! अर्धा तास उलटून गेला होता. लूपे जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. “ती म्हणणार, बघ, मी सांगत होते. इथे कोणी येत नाही, कोणी जात नाही. ती मला घेऊनच जाणार!”

मला इतकं वाईट वाटलं, की सांगता सोय नाही. एका बाईनं आयुष्यात माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती, आणि ती गोष्ट होती ‘नाही’ म्हणणं!

शेवटी राउलनं मार्ग काढला. एकदा आत घेतलं की पोसादा संपतो, म्हणून आधी आम्ही त्यांना रीतसर नाकारणं भाग होतं. सगळ्यांनी गराजमधून बाहेर पडायचं, वळसा घालून पुन्हा आमच्या पुढच्या दाराशी यायचं, पुन्हा जागा मागायची, मी नाही म्हणायचं आणि मग मिरवणूक आजीकडे! बूट नंतर घ्यायचे, तोवर मोज्यांवर चालायचं. लूपेनं माझे दोन्ही हात धरले.

“यावेळी नाही म्हण. काहीही होवो. फक्त नाही म्हण!”

“आई कुठे आहेत?” मी मंजिरीला विचारलं.

“गराजमध्ये. प्रत्येकाला जाताना वडी देतेय.”

उत्तम! म्हणजे दार माझ्या एकट्याच्या ताब्यात होतं. बुटांच्या ढिगाऱ्यावर एक पाय, भिंतीला एक पाय अशा अवस्थेत मी दाराआड उभा राहिलो. आता ब्रह्मदेव आला तरी आत घेणार नव्हतो! एक मिनिट गेलं, दोन गेली, आणि ठक ठक झाली. बाहेरून काहीतरी बोलण्याचा आवाज आला. बारीक, कापरा. मला वाटलं, धुरानं मारिसोलचा घसा बसला असेल. मी डोळे मिटले आणि छप्पर उडेल अशा आवाजात पहिलं कडवं म्हटलं. तुम्ही कोण, मला माहीत नाही! चोर असाल! चालते व्हा!

मग त्याच कापऱ्या आवाजात मारियाच्या बाजूचं कडवं आलं. बाहेर थंडी आहे, दया करा, असं काहीतरी. एकटीचाच आवाज होता. बाकीचे का गात नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण माझी तंद्री लागली होती. मी दुसरं कडवं पहिल्यापेक्षा वर चढवलं. तिसऱ्या ओळीला आरतीची चाल लागली तीही सोडली नाही, दाराच्या फळीवर थापा मारून ताल धरला! बाहेरून पुन्हा विनवणी. मी तिसरं कडवं घेतलं आणि शेवटी उत्साहाच्या भरात पदरचं जोडलं, “नो! नो! आणि परत येऊ नका!”

मागून जिन्यातून मंजिरीचा आवाज आला. ती वरच्या खिडकीतून पाहून खाली धावत आली होती. “अरे, थांब! बाहेर एक म्हातारी बाई उभी आहे, एकटी! काठी घेऊन!”

कोन्सुएलो आजी वाट पाहून कंटाळली होती. मारिया आली नाही तर नाही, आपणच तिला शोधू म्हणून घरातल्या सपाता घालून बाहेर पडली होती. उजेड दिसला त्या दारावर तिनं थाप मारली आणि “माझी माणसं पाहिलीत का?” असं विचारलं. तर आतून एक पुरुष गर्जला, की चालती हो, चोर आहेस! हे शब्द तिला जन्मापासून पाठ. नाकारणारा गायला की मागणाऱ्यानं गायचं असतं, म्हणून ती ब्याऐंशी वर्षांची बाई त्या थंडीत उत्तर देत उभी राहिली.

“माय वो!” स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. त्या गराजमधून परत आल्या होत्या. “जावईबापू! म्हातारीला बाहेर उभं ठेवलं? सरका तिकडे!”

मी सरकलो. पण दार उघडेना! बत्तीस जोड बूट अडकले होते. दार वीतभर उघडलं आणि त्या फटीतून एक काठी आत आली. बाहेरून कोन्सुएलो आजी काठीनं बूट ढकलतेय, आतून सासूबाई वाकून एकेक बूट माझ्या अंगावर भिरकावतायत, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण दोघी एका सुरात बोलतायत, आणि सूर माझ्याविषयीचाच होता, हे कळायला स्पॅनिश येण्याची गरज नव्हती. शेवटी दार उघडलं. तोवर वळसा घालून आलेली मिरवणूक मेणबत्त्या घेऊन आजीच्या मागे येऊन उभी राहिली होती. सगळ्यांनी पाहिलं. सासूबाईंनी आजीचा गार पडलेला हात आपल्या बेसनाच्या हातात घेतला आणि तिला आत ओढलं.

पहिल्यांदा कोण गायला लागलं ठाऊक नाही. पण दार उघडल्याचं ते आनंदाचं कडवं बाहेर सुरू झालं आणि या वेळी कुणी थांबवलं नाही. आजी सोफ्यावर, मारियाच्या पाटावर बसली. तिला वडी मिळाली. लूपे तिच्या पायाशी बसून रडत रडत माफी मागत होती. आजीनं तिला गप्प केलं आणि काहीतरी बरंच बोलली. लूपेनं डोळे पुसत आम्हाला सांगितलं.

“ती म्हणते, लग्न झाल्यापासून साठ वर्षं ती दार उघडायचंच काम करतेय. तिच्यासाठी कुणी दार उघडलं, असं पोसादात आज पहिल्यांदाच झालं. आणि म्हणते, तू तर सांगायचीस इथे शेजार चांगला आहे, मला वाटायचं माझ्या समाधानासाठी सांगतेस.”

मी आजीसमोर जाऊन वाकून नमस्कार केला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, चेहरा नीट निरखला आणि लूपेला एक वाक्य बोलली. सगळे मेक्सिकन खो खो हसले.

“काय म्हणाली?”

“काही नाही रे.”

“सांग ना.”

“म्हणते, आमच्या गावात नाही म्हणणारे पुष्कळ झाले, पण इतकं मनापासून कुणी म्हणत नव्हतं.”

लूपेच्या घरून तमाल्यांची पातेली आमच्याकडे आली. तमाले म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला मक्याचा पिठूळ ऐवज. सासूबाईंनी आदल्या आठवड्यातच लूपेला बिनमांसाचे करायला लावले होते. आजी एक तारखेला परत जाणार होती, ती फेब्रुवारीपर्यंत राहिली आणि गेली ती लूपेला न घेता. दोन महिने रोज दुपारी ती आमच्या खिडकीत सासूबाईंशेजारी बसायची. एक स्पॅनिशमध्ये बोलायची, एक वऱ्हाडीत, आणि दोघींना सगळं कळायचं. मी घरी आलो की मात्र दोघी एकदम गप्प व्हायच्या.

पुढे दरवर्षी तिसरं दार आमचंच झालं. ते सासूबाई उघडायच्या, आणि त्या नागपूरला असल्या तर मंजिरी. मला त्या दिवशी कुलपाला हात लावायची परवानगी नाही. पहिल्या दोन दारांत नकार द्यायला मात्र मलाच भाड्यानं नेतात. समोरच्या फिलिपिनो डॉक्टरांनी तर आपणहून काम सोडलं. म्हणाले, तुझ्यासारखं जमत नाही. नाताळच्या दिवशी मेक्सिकोहून लूपेला आजीचा फोन येतो तेव्हा ती आमच्या घरी फोन घेऊन येते. आजी मंजिरीची चौकशी करते, सईची करते, वडीत खसखस किती घालायची विचारते, सासूबाई इथे असल्या तर त्यांच्याशी अर्धा तास दोन भाषांत बोलते आणि सगळ्यात शेवटी न चुकता एक प्रश्न विचारते. पहिल्या वर्षी मी मोठ्या आशेनं लूपेला म्हटलं, “माझ्याबद्दल विचारतेय ना? काय विचारतेय?”

लूपे जरा चुळबुळली. मग म्हणाली, “ती विचारतेय, त्या माणसाला अजून घरात ठेवलंय का?”

आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोन हिसकावून मेक्सिकोला अस्सल वऱ्हाडीत कळवलं, “ठेवलं आहे बाप्पा! दुसरीकडे कोण दार उघडून राहिलं त्यांना?”